‘पेठची नागली’ म्हणून विकायची, तर पाकिटावर काय लिहावं?

घाटवाट:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल.

माझं माहेर नाशिकचं, सासर पेठ तालुक्यात, सावळ घाटाच्या पलीकडे. आमच्यासकट नऊ घरं मिळून आम्ही नागली (म्हणजे नाचणी, बाजारातली रागी), वरई, उडीद आणि खुरासणी हे तेलबी नाशिकला आणून विकतो. यंदा तिसरं वर्ष.

पहिल्या वर्षी उसनवारी करून पाकिटं छापून घेतली. वर हिरवं पान, खाली ‘ऑरगॅनिक रागी फ्लोअर’, मागे आरोग्याचे दहा फायदे. रविवारी एका सोसायटीच्या गेटशी टेबल लावलं. लोक पाकीट हातात घ्यायचे, किंमत बघायचे, मग मोबाइलवर दुसऱ्या रागीची किंमत बघायचे आणि पाकीट खाली ठेवायचे. त्यांना तरी कसा दोष देणार? आमची नागली आणि परराज्यातून ट्रकने आलेली रागी वेगळी आहे हे सांगणारं एक अक्षरही त्या पाकिटावर नव्हतं.

पाकिटं संपली. नवी छापायला पैसे नव्हते, म्हणून साध्या कापडी पिशव्यांत माल भरला आणि पुठ्ठ्यावर हाताने लिहिलं: ‘पेठची नागली. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली. याच कार्तिकात काढलेली.’ त्या दिवशी एक आजी पुठ्ठा वाचून थांबल्या. त्यांचे वडील हरसूलला मास्तर होते. लहानपणी तिथे खाल्लेल्या भाकरीबद्दल त्या अर्धा तास बोलत होत्या. त्यांचं बोलणं ऐकायला आणखी चार जणी थांबल्या. दुपारी बाराच्या आत सगळ्या पिशव्या गेल्या.

तेव्हापासून आम्ही गावाचं नाव सोडलेलं नाही. पण नाव लावल्यापासून काही प्रश्न उभे राहिलेत.

पहिला. गेल्या वर्षी शहरातल्या एका दुकानदाराने आमच्याकडून साठ किलो नागली सुटी घेतली. दोन महिन्यांनी एका ताईंचा फोन आला की तुमच्या पेठच्या नागलीत खडे आणि माती निघते. मी दुकानात जाऊन बघितलं. पिशवीवर नाव पेठचं होतं, आतला निम्मा दाणा आमचा नव्हताच. नाव आमचं, बदनामी आमची, आणि मी काहीही करू शकले नाही.

दुसरा. नागली-वरईच्या वरकस जमिनीत कधी रासायनिक खत गेलेलं नाही. पण खालच्या भातखाचरात काही घरांनी चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत युरिया टाकला आहे. मग सगळ्या मालावर ‘सेंद्रिय’ लिहावं का?

तिसरा. परंपरा सांगायची ती किती आणि कशी? पुतण्या म्हणतो, वारली चित्रं टाकू, डोक्यावर पाटी घेतलेली बाई दाखवू, लोकांना आवडतं. मला ते पटत नाही. का पटत नाही, हे मात्र नीट सांगता येत नाही.

जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

नियमवाचक:

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. आधी एक गोंधळ दूर करतो, कारण बाजारात तो रोज दिसतो. भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, आणि सेंद्रिय प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीआय सांगतं की वस्तू कुठली आहे आणि त्या जागेमुळे तिच्यात कोणता गुण आला. सेंद्रिय प्रमाणपत्र सांगतं की ती कशी पिकवली. नाशिकच्या द्राक्षांना जीआय आहे, लासलगावच्या कांद्याला आहे. याचा अर्थ ती द्राक्षं किंवा तो कांदा सेंद्रिय आहे असा अजिबात नाही.

जीआयचा कायदा १९९९ चा, तो अमलात आला २००३ मध्ये. नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते. अर्ज एकट्या शेतकऱ्याला करता येत नाही, उत्पादकांच्या संघटनेने किंवा तशा संस्थेने करायचा असतो. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. आणि संघटनेला जीआय मिळाला की काम संपलं, असं नाही. प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. नाव मिळतं, सत्कार होतो, आणि नाव वापरायचा हक्क असलेले शेतकरी बोटांवर मोजण्याइतके राहतात.

सेंद्रियसाठी नऊ घरांना सोयीचा रस्ता पीजीएसचा, म्हणजे सहभागी हमी पद्धतीचा. किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो. एकमेकांच्या शेताची पाहणी गटातलेच करतात, त्यामुळे बाहेरच्या तपासणी संस्थेचा खर्च येत नाही. रासायनिकातून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’, पुढे ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. निर्यातीला हे चालत नाही, तिथे एनपीओपीचंच, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचंच प्रमाणपत्र लागतं. पण नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी पीजीएस पुरेसं आहे.

छोट्या उत्पादकाने स्वतः थेट ग्राहकाला माल विकला तर प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट आहे. मात्र प्रमाणपत्राशिवाय सेंद्रियचं सरकारी चिन्ह लावता येत नाही. दुकानदारामार्फत विकायला लागलात की मामला बदलतो.

युरियाबद्दल: भात आणि नागली वेगळी ठेवा. हंगामी पिकांना रूपांतराचा काळ साधारण दोन वर्षांचा धरतात, पण नोंदी हव्यात. तोंडी इतिहास कोणी धरत नाही.

निफाडचा द्राक्षवाला:

ताई, मी सेंद्रियवाला नाही. बारा एकर द्राक्ष आहे आणि फवारणीशिवाय ती निघत नाही हे उघड सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, दोन रात्रीत बाग बसवते. घरच्यासाठी दहा गुंठे नुसत्या बोर्डोवर (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणावर) आणि जैविक औषधांवर ठेवलेत, त्याचा अनुभव वेगळा लिहीन. बहुवर्षीय पिकाला रूपांतराची तीन वर्षं लागतात. ती तीन वर्षं उत्पन्न कमी आणि दर नेहमीचाच. म्हणून आमच्याकडे फार कोणी तिकडे वळत नाही.

पण नावाबद्दल मला बोलायचंय, कारण नावाने काय होतं ते आम्ही सोसलंय.

२०१० साली युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. वाढ रोखायला वापरतात ते. तोवर त्याची तपासणी कोणी मागितली नव्हती, म्हणून आपल्याकडे ती होतही नव्हती. तिकडे माल अडकला, दर कोसळले. ज्याने ते औषध वापरलं नव्हतं त्याचाही माल अडकला, कारण पेटीवर गाव एकच, देश एकच. आमच्या शेजारच्याने त्या वर्षीच्या तोट्यात पाच एकरातली दोन एकर विकली. त्यानंतर सगळं जास्त कडक झालं. प्लॉटची नोंद, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पेटीवरून थेट बागेपर्यंत जाता येईल असा क्रमांक.

हे तुम्हाला का सांगतोय? तुमची नऊ घरं म्हणजे एकच ताट आहे. एकाने चुकून तणनाशक मारलं तरी नऊ घरांचं नाव जाणार. म्हणून पोत्याला घराचा क्रमांक द्या. आजच द्या. नागलीला काय होतंय म्हणून सोडू नका.

मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये एकदा जाऊन या. शेतकऱ्यांची कंपनी आहे. त्यांचा व्याप फार मोठा, पण माल कुणाच्या शेतातून आला हे ते कसं लिहून ठेवतात ते बघण्यासारखं आहे. वहीतही तसं करता येतं.

मैत्रेयी_पंचवटी:

मी तुमची गिऱ्हाईक आहे, बहुतेक त्या बारा वाजेपर्यंतच्या रांगेतलीच! गिऱ्हाईक म्हणून लिहिते.

‘रागी’ वाचलं की मला डाएट आठवतं. ‘नागली’ वाचलं की आजोळ आठवतं. नाशिकमध्ये तिला नागलीच म्हणतात, नाचणीसुद्धा पुण्या-मुंबईची वाटते. हा शब्द कधीही सोडू नका.

दहा फायदे नकोत. नागलीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढी एक ओळ पुरे. ‘मधुमेह बरा होतो’ वगैरे लिहिलेलं पाकीट मी खाली ठेवते, आणि तसं लिहायला कायद्यानेही बंदी आहे.

मला हवं असतं ते साधं आहे. धान्य कधी काढलं, कधी दळलं, पीठ किती दिवस टिकेल. नागलीचा दाणा नीट वाळवलेला असला तर वर्षानुवर्षं टिकतो, पिठाचं तसं नाही, आणि हे कोणी सांगत नाही. भाकरी जमत नाही म्हणून लोक दुसऱ्यांदा घेत नाहीत, तेव्हा उकड काढून कशी थापायची ते चार ओळींत द्या. आणि तुमची भगर पांढरीशुभ्र का नाही, तेही लिहा. पहिल्यांदा तो मळकट रंग बघून मला ती जुनी वाटली होती. मग तुमच्या सासूबाईंनी सांगितलं की शेतात असते ती वरई, साळून टरफल काढलं की भगर, आणि गिरणीत जास्त घासली की पांढरी होते. हे कळल्यावर आषाढीला, श्रावणी सोमवारांना, नवरात्रात मी तीच नेते. उपवासाला नाशिकमध्ये किती भगर खपते, विचार करा. तुमचं कॅलेंडर तयारच आहे. भोगीला तीळ आणि बाजरी मागतात, तसं नवरात्रात वणीच्या वाटेवर भगर मागतील.

घोटीकर:

मैत्रेयीताईंशी सहमत. एक अनुभव सांगतो, परंपरा या शब्दाबद्दल.

आम्ही इगतपुरी तालुक्यातले, भाताचे. मी पूर्वी फलकावर लिहायचो, ‘पूर्वापार चालत आलेला अस्सल इंद्रायणी’. एका प्रदर्शनात एक निवृत्त कृषी अधिकारी आले, तांदूळ घेतला, पैसे दिले आणि मला बाजूला नेऊन सांगितलं की इंद्रायणी १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या जन्मापासून शेतात तोच बघितला, म्हणून पूर्वापार वाटला.

फलक बदलला. आता लिहितो, ‘घोटी भागातला इंद्रायणी, शेणखतावरचा, यंदाचा’. विक्री कमी झाली नाही. उलट लोक विचारतात की मग खरं जुनं वाण कोणतं. त्यामुळे मी दोन गुंठ्यांत वडिलांच्या वेळचं लाल भाताचं बी लावलंय, ते वाढलं की त्याच्याबद्दल लिहीन. जुनं म्हणायचं तर ते जुनं असू द्या. चांगला तांदूळ चांगला म्हणूनही विकला जातो.

सुरगाण्याचा:

मी कोकणा आदिवासी आहे. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहितोय. तो विचारल्याबद्दल आभार, कारण सहसा आम्हाला कोणी विचारत नाही, परस्पर छापतात.

तुमच्या नऊ घरांत वारली घर आहे का? असेल तर त्या घराला विचारून, त्यांच्या हातून काढलेलं चित्र लावा आणि त्याचे पैसे द्या. नसेल तर लावू नका. डोंगरातलं काहीही असलं की त्यावर पांढऱ्या रेघांची माणसं नाचवायची ही शहराची सवय झाली आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली, सगळे एकाच पाकिटात भरले जातात आणि कोणाचीच ओळख उरत नाही.

दुसरं. आमच्यात नागलीकडे नुसतं धान्य म्हणून बघत नाहीत. कणसरी ही आमची धान्यदेवता. माझी आजी खळ्यात चप्पल घालून येऊ द्यायची नाही. कणसरीचं चित्र असलेलं पाकीट तुम्ही विकाल, लोक पीठ काढतील आणि पाकीट कचऱ्यात टाकतील. ते आम्हाला बघवणार नाही. देवाला पाकिटावर आणू नका. डोंगऱ्यादेवाचंही तेच.

मग सांगायचं काय? शेतीत रोज जे घडतं ते सांगा, तेच आमचं जुनं आहे. जमीन वरकस आहे, राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळलेल्या जागेत, रोप करतात, मग आवणी, म्हणजे रोपांची लावणी. हळवी नागली आधी येते, गरवी मागून येते, दोघींच्या भाकरीत फरक असतो. शहरात कोणाला हे माहीतच नाही! तुमच्याकडे हळवी आहे की गरवी, एवढं लिहिलं तरी ती जाहिरात आहे, आणि खरी आहे. बियाणं घरचं असेल तर तसं लिहा. शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी घरचं बी राखूनच बीजबँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी राखणं ही किती मोठी गोष्ट आहे ते आता शहरालाही कळतं.

आणि आवणीला बायका दिवसभर पावसात वाकलेल्या असतात. डोक्यावर पाटी घेतलेल्या हसऱ्या बाईचं चित्र काढून ते काम गोड करू नका. त्यापेक्षा किलोमागे तिच्या हातात किती पडतात ते लिहा.

निफाडचा द्राक्षवाला:

दादा, शेवटची ओळ दोनदा वाचली. आमच्या पेटीवरही हे कोणी लिहीत नाही. छाटणीला, थिनिंगला (घडातले मणी विरळ करायला) पेठ-सुरगाण्याचीच माणसं येतात.

येवलेकर:

शेतीतलं मला कमी कळतं, आमच्या घरात माग आहे. पण ताईंचा पहिला प्रश्न आणि आमचा प्रश्न एकच आहे म्हणून लिहितो.

पैठणीला जीआय आहे. तरी यंत्रावरच्या साड्या ‘येवल्याची पैठणी’ म्हणून सगळीकडे विकल्या जातात. हापूसचंही तेच. कोकणातल्या पाच जिल्ह्यांना २०१८ मध्ये जीआय मिळाला, तरी बाजारात कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला जातोच. कायद्याने लढता येतं, पण मागावर बसणारा माणूस कोर्टात किती दिवस जाणार?

आम्ही गिऱ्हाइकाला एक गोष्ट शिकवतो. पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. यंत्रावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. ज्याला हे कळलं तो आयुष्यात फसत नाही, आणि तो दहा जणांना सांगतो. आमची निम्मी जाहिरात तीच आहे.

तुमच्या नागलीची उलटी बाजू कोणती ते शोधा. गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने, तुमच्यावर विश्वास न ठेवताही तपासता येईल अशी काहीतरी.

मैत्रेयी_पंचवटी:

येवलेकर, काय नेमकं लिहिलंत! हे इतर कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मला जास्त पटलं.

नियमवाचक:

मलाही. फक्त प्रमाणपत्र सोडू नका, दोन्ही हवं. आणि मोठा माल येण्याआधी हे सगळं बसवा. २०२७ चा सिंहस्थ आहे, त्र्यंबक आणि पंचवटीत देशभरातून माणसं येतील. ‘नाशिकची भगर’, ‘त्र्यंबकचा तांदूळ’ अशा नावांनी कुठला कुठला माल विकला जाईल. त्या गर्दीत ज्यांचं नाव आधीपासून नीट बांधलेलं आहे तेच टिकतील.

घाटवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहू शकले नाही. नऊ घरांची बैठक घेतली आणि हा धागा सगळ्यांना वाचून दाखवला. सुरगाण्याच्या दादांचं वाचताना आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माना डोलावत होत्या. पुतण्यानेच चित्रांची गोष्ट मागे घेतली.

ठरलं ते असं. वरकसची नागली आणि वरई पीजीएसला घालायची. भात दोन वर्षं ‘सेंद्रिय’ या शब्दाशिवाय विकायचा. पोत्याला घराचा क्रमांक, आणि तोच क्रमांक पिशवीवर. दुकानाला सुटा माल द्यायचा नाही, शिवलेली पिशवीच द्यायची. यावर बरीच भांडणं झाली, कारण सुटा माल एकदम उचलला जातो आणि लग्नसराईत हातात पैसे लागतात. तीन घरं अजून पूर्ण राजी नाहीत. त्यांना मी चूक म्हणणार नाही.

उलट्या बाजूचा विचार करत होतो, तेव्हा सासूबाईंनी एका क्षणात सांगितलं. म्हणाल्या, पिशवीबरोबर मूठभर कणसं दे. ज्या शेतातली नागली त्याच शेतातलं बोंड, दाण्यासकट. लोक दाणा ताडून बघतील, मुलांना दाखवतील, कोणी कुंडीत पेरतील. दुकानदाराला बाहेरच्या मालाबरोबर देण्यासाठी आमची कणसं कुठून मिळणार? शिवाय गिऱ्हाईक फोन करून क्रमांक सांगेल तर त्या घरातलंच माणूस बोलेल.

पिशवीवरचा मजकूर असा केलाय, सुधारणा सांगा:

‘पेठची नागली, गरवी. वरकस जमीन, घरचं बी. कार्तिकात काढली, दळण सोमवारचं. पीठ महिनाभरात संपवा. घर क्रमांक ४. या किलोतले इतके रुपये त्या घराला.’ रकमेची जागा मोकळी ठेवली आहे. आकडा आज रात्री नऊ घरांसमोर ठरेल. मागे भाकरीची कृती, मैत्रेयीताईंनी सांगितली तशी.

‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्र हातात आल्यावर घालणार.

बुधवारी गोदाकाठच्या बाजारात बसणार आहोत. निफाडच्या दादांनी निरोपात पाच किलो सांगितली होती, ती बाजूला ठेवली आहे. हळवी संपली, गरवी देते. घर क्रमांक ७ ची आहे.